समस्त पाताळकर मित्र मंडळ

सिरसाळ्याच्या स्टँडसमोर हनुमानच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि तो बघून स्वप्नालीच्या डोक्यात तिडीक गेली. फ्लेक्सचं तिला वावडं नव्हतं. ज्या भागात बैलाच्या वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो, तिथं जेसीबीवाल्या हनुमानचा लागणारच. मधोमध गॉगल लावलेला हनुमान, मागं त्याचं पिवळं धूड, वरच्या कोपऱ्यात पुढारी मंडळी, सगळं रीतीप्रमाणं होतं. पण खाली शुभेच्छुकांच्या ओळीत एक भलताच चेहरा होता. काळाकुळकुळीत रंग, पांढरेशुभ्र केस, टोकदार कान, आणि हात जोडलेले. त्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘समस्त पाताळकर मित्र मंडळ, सिरसाळा’.

तो जोडलेल्या हातांचा प्राणी स्वप्नालीचा होता. म्हणजे तिनं तो गावात आणला होता, आणि माणसांनी त्याला घाबरावं म्हणून आणला होता.

लातूरला फार्मसी शिकताना होस्टेलच्या मुलींनी तिला एक खेळ शिकवला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कुठं जायचं, कुणाशी भांडायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि वार लागला की हुकला हे फाशांवर सोडायचं. जंगलं, जादूगार, राक्षस असा सगळा मामला. लग्न होऊन ती सिरसाळ्यात आली, स्टँडजवळ मेडिकल टाकलं, आणि कोरोनात सगळं गाव घरात बसलं तेव्हा तिला त्या फाशांची आठवण झाली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांमध्ये हा खेळ चालतो. तिचा नवरा धर्मराज शाळेवर मास्तर आहे. रविवारी दुपारी तो झोपतो, ही खेळते, आणि दोघांचा संसार सुखाचा आहे.

पहिले गडी दोन. जेसीबीवाला हनुमान आणि पतसंस्थेत कामाला असलेली सायली. गोष्ट सांगायची खुर्ची मात्र स्वप्नालीची. आठवडाभर ती खोकल्याची औषधं आणि शुगरच्या गोळ्या विकते, धर्मराजच्या शाळेच्या तक्रारी ऐकते, सासूच्या गुडघ्यांना तेल लावते. रविवारी त्या खुर्चीत बसली की मात्र तिनं ‘अंधार पडला’ म्हटलं की अंधार पडायचा. एवढी सत्ता तिला दुसरीकडं कुठंच नव्हती, आणि ती तिला फार प्यारी होती.

खेळाच्या पुस्तकात जमिनीखाली राहणाऱ्या एका दुष्ट जमातीला डार्क एल्फ म्हणतात. हनुमानच्या तोंडात तो शब्द काही बसेना, म्हणून स्वप्नाली म्हणाली, ‘‘पाताळकर म्हना.’’ सुरुवातीला पाताळकरांनी चांगलं काम दिलं. मशाल विझायची, भिंतीतून कुणीतरी हलकं हसायचं, आणि हनुमानच्या हातातला फासा उडून खोक्यांमागं जायचा. एकदा तर खेळ संपल्यावर हा दांडगा गडी सायलीला म्हणाला होता, ‘‘चल, तुला घरापतुर सोडतो,’’ आणि प्रत्यक्षात तीच त्याला त्याच्या घरी सोडून आली होती.

पण नाव ठेवतानाच चुकलं, असं स्वप्नालीला आता वाटायचं. ‘कर’ लागलं की माणूस मतदार होतो. परळीकर, अंबाजोगाईकर, तसे पाताळकर. हनुमाननं पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, ‘‘कोनते पाताळकर, ताई? सोयरिकी कुठं असत्यात त्यांच्या?’’ मराठवाड्यात माणूस समोर आला की गाव विचारायचं, कुणाचा पाव्हणा ते विचारायचं, आणि दोन घोट चहात त्याची मावशी आपल्या चुलत्याच्या मेव्हण्याकडं निघाली की तो परका राहत नाही. हनुमाननं पाताळकरांनाही सोडलं नाही. एकाला पकडून त्याचं आजोळ काढलं, दुसऱ्याशी मानलेल्या भावाचं नातं जोडलं. पुढं मोबाईलमधल्या गेम आल्या, रील आल्या, आणि तेच पांढरे केस, तेच कान जिथं तिथं दिसायला लागले. सायलीच्या भाच्याच्या कंपासपेटीवर एक पाताळकर निघाला. मग अमरसिंह आला, आणि उरलंसुरलं संपलं.

अमरसिंह म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती अभिमन्यू आप्पा यांचा मुलगा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला तो पुण्याला गेला, त्या दिवसापासून गाव त्याला साहेब म्हणत होतं. मागच्या दिवाळीत तो पुस्तकांच्या खोक्यांसकट परत आला, तो गेलाच नाही. निकालाचं कुणी काढलं नाही. आप्पांना लागेल, पोराला लागेल. एवढी समज आपल्याला आहे, असं सिरसाळ्याला वाटतं. औषधं घ्यायला आलेला असताना त्यानं मागच्या खोलीत फासे पाहिले, ‘‘आमी पुण्यात हे खेळायचो,’’ म्हणाला आणि पुढच्या रविवारपासून बसायला लागला. खेळातला त्याचा गडी होता तमसेन. जन्मानं पाताळकर, पण मनानं निर्मळ. आपल्या दुष्ट लोकांना सोडून आलेला, एकटा, दुःखी, दोन तलवारींचा. हनुमानला तो इतका आवडला की त्यानंही आपला जुना गडी मारून टाकला आणि पाताळकर झाला. मागोमाग सायली झाली. तिघांचंही म्हणणं एकच, की पाताळकरांत चांगला निघालेला मी एकमेव. एका टेबलावर तीन एकमेव.

फ्लेक्स लागला त्या रविवारी स्वप्नालीनं फासे बाहेर काढलेच नाहीत.

‘‘हात जोडायला कोनी लावलं त्याला?’’ तिनं विचारलं.

‘‘मी,’’ अमरसिंह म्हणाला. ‘‘फ्लेक्सवर हात जोडावंच लागत्यात, ताई. न्हाईतर माजल्यावानी दिसतंय.’’

‘‘काल सरपंचकीचा एक उमेदवार दुकानात येऊन गेला,’’ ती म्हणाली. ‘‘विचारीत होता, पाताळकरांची मतं किती हायेत म्हनून.’’

हनुमान खो खो हसला. सायलीही हसली. स्वप्नाली हसली नाही.

‘‘तुमी लोकांनी वाटोळं केलं त्यांचं. कावून घाबरायचं आता? समद्यांनी बघितले, समद्यांचे सोयरे झाले. खालून आवाज आला की पूर्वी हनुमानभाऊ पाय वर घेऊन बसायचे. आता म्हनत्यात, आला वाटतं आपला मानूस.’’

‘‘ते तर होनारच, ताई,’’ हनुमान म्हणाला. ‘‘माझं जेसीबी गावात पहिल्यांदा आलं तवा खड्डा बघायला सारी पोरं जमायची. आता मी आख्खा डोंगर उकरला तरी कुत्रं बघत न्हाई. म्हनून काय जेसीबी वाईट झालं?’’

‘‘जेसीबी घाबरवायला न्हाई आनलं तुमी.’’

‘‘आन् कावून घाबरवायचं?’’ अमरसिंह म्हणाला. आवाज शांत होता, पण हे त्यानं बरेच दिवस मनात ठेवलं असावं. ‘‘एक आख्खी जमात, आन् समदे वाईट? हे कसं काय? लोकांनी त्यांना जवळनं बघितलं, मनून त्यांच्यातलं चांगलं दिसलं. बिघडलं कायबी न्हाई. उलट सुधारलं. ज्याला लोकं ओळखत्यात तोच लोकांना आवडतो.’’

ह्यात तथ्य होतं, आणि तेच स्वप्नालीला झोंबलं. वाद वाढला. बोलता बोलता अमरसिंहनं खिशातलं काढून टेबलावर ठेवावं तसं सांगून टाकलं, की आप्पांचं मंगल कार्यालय रविवारी रिकामंच असतं. एसी आहे, मोठा पडदा आहे. तिथं चित्रं दाखवून, आवाज लावून खेळता येईल. आणि ताईंना कंटाळा आला असेल तर गोष्ट तो सांगेल. हनुमान आणि सायली एकमेकांकडं बघायला लागले. त्या बघण्यावरून स्वप्नालीला कळलं, की हे आधीच बोलून झालंय.

तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती चिडली. ‘‘एक रविवार द्या मला. पाताळकरांची भीती वाटली तर खेळ इथं. न्हाई वाटली तर घेऊन जा, फासेबी आन् खुर्चीबी.’’

‘‘कोनाला वाटली तर?’’ सायलीनं विचारलं.

‘‘साहेबांना.’’

अमरसिंह हसून हो म्हणाला.

तो आठवडा तिला वाईट गेला. दात वाढवून बघितले, विष वाढवून बघितलं, पाताळकरांना कोळ्यासारखे आठ पाय दिले आणि परत काढून घेतले. प्रत्येक वेळी तिला हनुमानचा आवाज ऐकू यायचा, ‘‘आठ पाय? चपलांचा लई खर्च येत असल, ताई.’’ मग गुरुवारी दुकानात युसूफ वडगावचे एक म्हातारे गृहस्थ आले. चष्मा विसरले होते, चिठ्ठी वाचता येत नव्हती, एकटेच होते आणि घाबरले होते. काउंटरवरच्या माणसांनी त्यांना घेरलंच. गाव कोणतं? कुणाच्या घरचे? इकडं कुणाकडं? गोळ्या बांधून होईपर्यंत त्यांची नात हनुमानच्या भावकीत दिलेली निघाली होती, एकानं त्यांना खुर्ची दिली होती, आणि ते चहा पीत दुसऱ्यांना त्यांच्या मुलांच्या नोकऱ्या विचारत होते. स्वप्नाली गल्ल्यावर बसून बघत राहिली. हे सगळं काढून घेतलं तर काय उरतं, असं तिच्या मनात आलं. तिनं पाताळकरांचे दात, विष, पाय सगळं टाकून दिलं.

रविवारी तिघं बसले. अमरसिंह नवा शर्ट घालून आला होता.

‘‘आज लढाई न्हाई,’’ स्वप्नाली म्हणाली. ‘‘आज तुमी तिघं घरी चालले. खाली. पाताळात, तुमच्या सोताच्या गावात.’’

‘‘वा,’’ हनुमान म्हणाला. ‘‘मिरवनूक?’’

ती सांगायला लागली. वेस उघडीच आहे. पहारा नाही. गल्ली झाडलेली आहे, ओट्यांवर माणसं बसली आहेत, तुमच्यासारखीच, पांढऱ्या केसांची. तुम्ही आलात तसं त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी तुम्हाला बसायला जागा केली आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

‘‘राम राम म्हनतो,’’ हनुमान म्हणाला.

‘‘राम राम म्हनले.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय न्हाई.’’

‘‘कोन गावचे, असं न्हाई विचारलं?’’

‘‘न्हाई.’’

हनुमाननं गल्लीतल्या प्रत्येकाला राम राम घातला. प्रत्येकानं परत घातला. कुणी काही विचारलं नाही. सायलीनं आपल्या मैत्रिणीचं दार वाजवलं. मैत्रिणीनं दार उघडलं, पाणी दिलं, भाकरी वाढली. सायली म्हणाली, मी तिला सांगते की मी लांबून आले, लई हाल झाले. स्वप्नाली म्हणाली, ती म्हणते, हो का, भाजी घे अजून. सायलीनं दोनदा, तीनदा विषय काढला. मैत्रीण प्रेमानं बोलायची, पण प्रश्नाच्या जागी आली की गप्प व्हायची आणि ताटात काहीतरी वाढायची.

‘‘ती रागावलीय का?’’ सायलीनं विचारलं.

‘‘न्हाई. तुझं मन दुखू नये म्हनून जपतीय.’’

सायलीनं दंड चोळला. हनुमान मात्र चिडला. त्यानं पाताळातला एक रांजण फोडला. माणसं आली, खापरं गोळा केली, दुसरा रांजण आणून ठेवला आणि त्याला म्हणाली, दमला असशील, बस. हनुमान म्हणाला, मी फासा टाकतो, ह्यांना बोलायला लावतो. स्वप्नाली म्हणाली, टाका. फासा चांगला पडला. ती म्हणाली, बोलतात की ते. पावसाचं बोलतात, बाजारभावाचं बोलतात. हनुमाननं फासा हातात घेतला आणि परत टाकला नाही. खेळ रंगल्याचं स्वप्नालीच्या लक्षात आलं आणि तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती अमरसिंहकडं वळली. तो मघापासून काहीच बोलला नव्हता.

‘‘तमसेन काय करतो, साहेब?’’

‘‘घरी जातो.’’

‘‘आई दारात हाय. तुझ्यासाठी पाट मांडला. वाढलं.’’

‘‘ती काय म्हनती?’’

‘‘जेव म्हनती.’’

‘‘मी सांगतो, आई, मी आलो परत.’’

‘‘बरं झालं, म्हनती. गरम हाय तवर खा.’’

‘‘मी सांगतो, कुठं होतो ते इचार मला.’’ त्याचा आवाज जरा चढला. ‘‘काय झालं ते इचार.’’

‘‘आई तुझ्या डोक्यावरून हात फिरवती,’’ स्वप्नाली म्हणाली. ‘‘शेजारीन आलीय, तिला डोळ्यानं खुनवती, की काही काढू नको.’’

अमरसिंह खुर्चीवरून उठला. खुर्ची मागं सलाईनच्या खोक्यांवर आदळली.

‘‘हे कोनी सांगितलं तुला?’’

स्वप्नाली गडबडली. ‘‘कोनी न्हाई. मनानंच केलं.’’

‘‘मनानं न्हाई केलं तू. हे गाव मला पाठ हाय, ताई. दिवाळीपासून ह्याच गावात राहतो मी.’’ तो हनुमानकडं वळला. ‘‘मी कटिंगला गेलो की बंकट आधी टीव्हीचा आवाज वाढवतो. तू काय करतो? जेसीबीचं डिझेल किती लागतं, ते सांगतो. रोज सांगतो बे! साहेब, साहेब म्हनता समदे. कशाचा साहेब? रस्त्यात भिकारी दिसला तरी तुमी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करता. मला एकानं, एकानं तरी...’’

सायलीनं पाणी पुढं केलं आणि तिचा हात मधेच थांबला, कारण पाताळातल्या मैत्रिणीनंही नेमकं हेच केलं होतं.

स्वप्नाली जिंकली होती. पाताळकरांची भीती परत आली होती, पूर्वी कधी नव्हती एवढी आली होती, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. खुर्ची आता तिच्याकडून कुणी घेणार नव्हतं. तिला मात्र स्वतःची लाज वाटत होती. आपण फार डोकं चालवलं असं तिला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात तिनं काहीच रचलं नव्हतं. दिवाळीपासून तो आठवड्याला आप्पांच्या बीपीच्या गोळ्या न्यायला येत होता. प्रत्येक वेळी तिच्या ओठांवर प्रश्न यायचा, ती तो गिळायची, आणि त्याच्या हातात पिशवी देताना हवेबद्दल काहीतरी बोलायची. ती स्वतःला समजूतदार म्हणत आली होती. पाताळातली ती आई तिनं कुठून उचलली, हे तिला आता कळलं.

‘‘ताई, थांबव आता,’’ हनुमान हळू आवाजात म्हणाला. ‘‘तू जितली. हॉल न्हाई न् पडदा न्हाई, खेळ इथंच. पर हे थांबव.’’

‘‘थांबवला,’’ स्वप्नाली म्हणाली. तिनं समोरचे फासे गोळा केले आणि बाजूला सारले. मग मान वर करून तिनं विचारलं, ‘‘अमर, काय झालं रे तुझ्या परीक्षेचं?’’

अमरसिंह उभाच होता. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की तिला वाटलं, आता हा शटर उचलून निघून जाईल.

‘‘सुटलं,’’ तो म्हणाला. ‘‘मुलाखतीपतुर गेलतो. दोनदा. मंग पूर्वपरीक्षाच निघंना. आता वयबी संपलं.’’

‘‘आप्पांना म्हाईत हाय?’’

‘‘ठाव असल. त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.’’

‘‘किती मार्कांनी गेलं रे?’’ सायलीनं विचारलं. विचारून झाल्यावर तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

‘‘पहिल्या डावाला लई थोड्यानं. हातातोंडाशी आलतं. दुसऱ्या डावाला इचारूच नको.’’

‘‘कावून नको इचारू?’’ हनुमान म्हणाला. मघाची भीती उतरली तसं त्याचं तोंड सुटलं होतं. ‘‘नीट सांग की. मुलाखतीत काय इचारलं? आन् तुझ्याबरोबर ते केजचं पोरगं होतं, त्याचं झालं का? आन् पुण्यातली खोली सोडली का ठेवली? आन् लग्नाचं काय? आन् मंग आता काय करनार बे तू?’’

कुठल्याही दुसऱ्या गावात ह्या माणसाला कुणीतरी चापट मारली असती. स्वप्नालीनं त्याला डोळ्यानं दटावायला मान वळवली, आणि मग ती खूण तिनं केली नाही.

अमरसिंहनं डोळे पुसले. पडलेली खुर्ची उचलली, हनुमानच्या अगदी समोर ओढली आणि बसला.

‘‘माहीत न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘अजून इचार.’’